साखरेचें बेट आणि न लिहिलेला नायक

वाङ्मयाच्या दरबारांत व्यापाऱ्याला मानाचें आसन सहसा मिळत नाहीं. राजा, योद्धा, संन्यासी, प्रियकर आणि अलीकडे शेतकरी व मजूर यांच्यावर कवींची व कादंबरीकारांची कृपादृष्टि झालेली आहे. परंतु जो मनुष्य उद्यांच्या भावाचा अंदाज बांधून आज आपली आणि इतरांची पुंजी पणास लावतो, त्याच्या अंतरंगांत शिरण्याचें धाडस फार थोड्यांनीं केलें आहे. ‘मृच्छकटिका’चा नायक चारुदत्त हा ब्राह्मण असून सार्थवाहाच्या कुळांतला, पण त्याचा व्यापार आपणांस कधींच दिसत नाहीं. त्याची संपत्ति गेल्यावरच तो नायक होण्यास योग्य ठरतो! शेक्सपिअरच्या अँटोनिओचीं गलबतें बुडतात तीं पडद्याआड आणि सुखरूप परत येतात तींहि पडद्याआडच. जर्मनीच्या टोमास मानने ‘बुडेनब्रोक्स’ (१९०१) मध्यें ल्यूबेकच्या धान्यव्यापाऱ्यांच्या चार पिढ्या उभ्या केल्या, हा मोठा अपवाद. परंतु त्यांतहि पेढीचा ऱ्हास जितका रंगला आहे तितका तिचा उत्कर्ष रंगलेला नाहीं.

या जुन्या प्रश्नाकडे आम्ही पुनः वळत आहों तें हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटाच्या निमित्तानें. या बेटाशीं आपला संबंध केवळ नकाशापुरता नाहीं. गुलामगिरी उठल्यावर १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लक्ष हिंदी मजूर करारानें तेथें नेण्यांत आले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणपट्टींतील मराठी लोकहि होते आणि त्यांचे वंशज आजहि तेथें स्वतःस मराठी म्हणवितात. पण आमच्या कुतूहलाचें कारण निराळें आहे. अवघ्या दोन हजार चौरस किलोमीटरांच्या या बेटानें गेल्या साठ वर्षांत आपला चरितार्थ दोन वेळां बदलला. साखरेवर जगणारें बेट कापडावर जगूं लागलें; कापड आणि साखर या दोहोंचे आधार एकाच दशकांत ढांसळले, तेव्हां तें हॉटेलें, पेढ्या, परदेशी भांडवलाची दलाली आणि जमिनींचे सौदे यांवर जगूं लागलें. एवढीं स्थित्यंतरें आपोआप होत नाहींत. कोणीतरी बसून निर्णय घेतलेले असतात, कोणाला तरी रात्रीं झोंप आलेली नसते. तो ‘कोणीतरी’ मॉरिशसविषयींच्या वाङ्मयांत कोठें आहे, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

त्याचें आजवरचें सर्वोत्तम चित्र, आमच्या मतें, बेटाबाहेरच्या एका खलाशानें काढलें आहे. जोसेफ कॉनराड १८८८ सालीं ‘ओटागो’ जहाजाचा कप्तान म्हणून पोर्ट लुई बंदरांत येऊन राहिला होता. त्या वास्तव्यावर त्यानें पुढें ‘अ स्माइल ऑफ फॉर्च्यून’ ही दीर्घ कथा रचली. ती १९१२ च्या ‘ट्विक्स्ट लँड अँड सी’ या संग्रहांत आहे. कथेंत बेटाचें नांव येत नाहीं. समुद्राचा मोतीं म्हणून त्याचा उल्लेख होतो. पण उसाच्या मळ्यांवरून, जुन्या फ्रेंच घराण्यांवरून आणि बंदरावरून तें कोणतें हें ओळखण्यास वेळ लागत नाहीं. जहाज नांगरतें न नांगरतें तोंच जेकोबस नांवाचा एक गृहस्थ ताजें खाणेंपिणें घेऊन हजर होतो. कप्तानास वाटतें, मालकांनीं ज्याच्याकडे जाण्यास सांगितलें तो प्रतिष्ठित व्यापारी हाच. वस्तुतः हा त्याचा भाऊ, जहाजांना शिधासामग्री पुरविणारा. एका सर्कशींतल्या बाईच्या मागें गेल्यामुळें समाजानें वाळींत टाकलेला. दोघे भाऊ वर्षानुवर्षें एकमेकांशीं बोलत नाहींत. प्रतिष्ठित भाऊ आपल्या कचेरींत एका मिश्रवर्णीय पोरावर खेंकसत असतो, आणि त्या पोराच्या चेहऱ्यांत त्याचाच चेहरा दिसतो. अप्रतिष्ठित भावानें मात्र आपली मुलगी घरांत ठेवून वाढविली आहे. बेटाचा व्यापार वर्ण, कूळ आणि लज्जा यांच्याशीं किती बांधला गेला आहे, हें कॉनराड एवढ्या दोन रेघांत सांगून मोकळा होतो.

परंतु कथेचें खरें मर्म त्या शिधापुरवठेदार जेकोबसच्या व्यापारांत आहे. तो खोटें बोलत नाहीं, घाई करीत नाहीं, आर्जवहि करीत नाहीं. तो थांबतो. साखर भरण्यासाठीं लागणारीं पोतीं बंदरांत दुर्मिळ झालीं आहेत, आणि तीं कोणाजवळ मिळतील हें त्याला ठाऊक आहे. बटाट्यांची रास त्याच्याजवळ पडून आहे, आणि कप्तानानें ती घ्यावी अशी त्याची इच्छा आहे. कप्तान त्याच्या घरीं जाऊं लागतो तो कांहींसा त्याच्या मुलीसाठीं. एका अविचारी क्षणीं तिचें चुंबन घेतो. बाप तें पाहतो. आणि त्यानंतर कप्तान बटाटे विकत घेतो! दोघांपैकीं कोणीहि या दोन गोष्टींचा संबंध बोलून दाखवीत नाहीं. पुढें दुसऱ्या बंदरांत त्या बटाट्यांवर भरमसाट नफा होतो, आणि कप्तान नोकरीचा राजीनामा देतो. व्यापार हा दोन मनुष्यांमधला एक नैतिक संबंध असतो, त्यांत दिलेल्या-घेतलेल्या वस्तूंपेक्षां न बोललेल्या गोष्टींचीं वजनें अधिक असतात, हें इतक्या थंडपणें दाखविणारी दुसरी कथा आमच्या वाचनांत नाहीं. कथेचा उत्तरार्ध कांहींसा लांबला आहे, आणि मुलीच्या चित्रणांत कॉनराडचा हात नेहमीप्रमाणेंच अवघडतो, हेंहि सांगितलें पाहिजे. स्त्रियांशीं त्याचें कधीं जमलें नाहीं.

त्यानंतर साठ वर्षांनीं व्ही. एस. नायपॉल त्याच बेटावर आले. त्यांचा ‘ओव्हरक्राउडेड बॅरकून’ हा निबंध १९७२ च्या त्याच नांवाच्या संग्रहांत आहे. बॅरकून म्हणजे गुलामांना विक्रीपूर्वीं कोंडून ठेवण्याची जागा. एवढ्यावरून निबंधाचा रोख ध्यानीं येईल. साम्राज्यानें ओसाड बेटावर साखरेसाठीं माणसें आणून सोडलीं आणि मग साम्राज्य निघून गेलें. मागें उरली ती गर्दी, बेकारी, सरकारी नोकरीची वाट पाहणारे तरुण आणि पोकळ बोलणारे पुढारी. येथून सुटका नाहीं, असा त्याचा निष्कर्ष. शैलीच्या दृष्टीनें निबंध उत्तम आहे. एकेका संभाषणाचा तुकडा असा नेमका उचलला आहे कीं, बोलणाऱ्याचें सारें आयुष्य त्यांत दिसावें. शिवाय या निराशेला अर्थशास्त्राचाहि पाठिंबा होता. पुढें १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या जेम्स मीड यांनीं १९६१ च्या आपल्या अहवालांत व लेखनांत बेटाचें भवितव्य असेंच अंधुक रंगविलें होतें: हिवताप हटल्यामुळें लोकसंख्या झपाट्यानें वाढलेली, पीक एकच, आणि समाज वंशावंशांत दुभंगलेला.

पुढें काय घडलें तें सर्वश्रुत आहे. १९८० नंतरच्या दशकांत बेटावरची बेकारी जवळजवळ नाहींशी झाली. त्यामुळें नायपॉल यांचा निबंध काढून त्यांना चिडविण्याची आजकाल एक पद्धतच पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. लेखक हा ज्योतिषी नव्हे. त्याचें भाकीत चुकलें म्हणून त्याचें लेखन पडत नाहीं. नायपॉल यांचा दोष निराळा आणि अधिक गंभीर आहे, व तो भाकितांत नसून दृष्टींत आहे. ते रांगेंत उभ्या असलेल्यांशीं बोलले, मंत्र्यांशीं बोलले. पेढीवर मात्र गेले नाहींत. अवघ्या दोन वर्षांनीं, १९७४ सालीं, कॉनराडवर मार्मिक निबंध लिहिणारा हा लेखक कॉनराडच्याच बंदरांत आला आणि त्याला जेकोबस भेटला नाहीं! ज्यांना कांहीं निवडतां येत नव्हतें अशीच माणसें त्यांनीं निवडलीं, आणि मग बेटाला निवडच उरली नाहीं असा निर्णय दिला.

उलट पक्षीं, बेटाची भरभराट गाणाऱ्यांनीं तरी त्या मनुष्याकडे पाहिलें आहे काय? २०११ सालीं जोसेफ स्टिग्लिट्झ यांनीं मॉरिशसवर लेख लिहिला, त्याच्या मथळ्यांतच ‘चमत्कार’ हा शब्द आहे. चमत्काराला कर्ता लागत नाहीं. निराशेच्या चित्रांत उद्योजक दिसत नाहीं, आणि चमत्काराच्या चित्रांतहि तो ‘धोरण’ नांवाच्या निर्जीव शब्दामागें लपतो.

आणि तरी ती सामग्री केवढी नाट्यमय आहे! १९६७ च्या निवडणुकींत सुमारें शेकडा ४४ मतें स्वातंत्र्यास विरोध करणाऱ्या पक्षाला पडलीं, आणि साखरेचे फ्रेंचवंशीय मालक बहुतेक त्याच बाजूस होते. १९६८ च्या जानेवारींत पोर्ट लुईंत दंगली झाल्या, ब्रिटिश सैन्य बोलवावें लागलें, आणि १२ मार्चला त्यांना नको असलेलें राष्ट्र जन्मास आलें. कांहीं कुटुंबें ऑस्ट्रेलियास व दक्षिण आफ्रिकेस निघून गेलीं. जीं राहिलीं त्यांच्या हातीं जमीन, साखरकारखाने आणि १८३८ पासून चालत आलेली बँक होती; सत्ता मात्र, ज्यांच्या आजांनीं त्यांच्याच शेतांत ऊस तोडला होता, त्यांच्या हातीं गेली. दोन्ही पक्षांनीं एकमेकांस बुडविण्याचें सामर्थ्य असतां तसें केलें नाहीं. मळे सरकारजमा झाले नाहींत. उलट साखरेवर निर्यातकर बसला, आणि त्यासारख्या उत्पन्नांतून दवाखाने व शाळा चालूं लागल्या. १९७७ पासून माध्यमिक शिक्षणहि मोफत झालें. या न लिहिलेल्या कराराच्या दोन्ही बाजूंस बसलेल्या माणसांच्या मनांत काय चाललें असेल? तुच्छता, भीति, हिशेब, आणि कदाचित् थोडी लाजहि. कादंबरीकारास याहून अधिक काय हवें?

१९७० सालीं निर्यात-उद्योगांचा कायदा झाला. त्यामागें एदुआर लिम फात या चिनी वंशाच्या प्राध्यापकाचा आग्रह होता. (प्राध्यापकाचें कोणी ऐकलें, ही घटना आमच्या व्यवसायबंधूंनीं टिपून ठेवण्याजोगी आहे.) इतर देशांनीं अशा उद्योगांसाठीं कुंपण घातलेल्या वसाहती उभारल्या, येथें सारें बेटच वसाहत ठरलें, कारखाना कोणत्याहि गांवांत काढतां येई. १९७१ सालीं फ्लोरेआल निटवेअर ही लोंकरी स्वेटरांची कंपनी निघाली. १९७४-७५ मध्यें साखरेचे भाव भडकले. मालकांच्या हातीं अकल्पित पैसा आला, आणि त्यांतला बराचसा त्यांनीं कापडधंद्यांत घातला. १९७५ च्या लोमे करारानें दरसाल सुमारें ५ लक्ष टन साखर युरोपांत ठरीव भावानें घेतली जाण्याची हमी मिळाली, आणि तो भाव पुष्कळ वर्षें जागतिक भावाहून बराच चढा होता. पुढें १९९७ ची धास्ती घेतलेलें हाँगकाँगचें भांडवल आलें, आणि १९८५-८६ च्या सुमारास कापडाच्या निर्यातीनें साखरेस मागें टाकलें. तेव्हां या मंडळींचें धाडस हें पुष्कळ अंशीं विमा उतरविलेलें धाडस होतें. एक पाय युरोपच्या हमीवर घट्ट रोवून त्यांनीं दुसरा पुढें टाकला. त्यांच्या चरित्रकारानें हें विसरतां कामा नये. आणि त्यांच्या टीकाकारानें हेंहि विसरूं नये कीं, तशीच हमी असलेल्या इतर साखर-बेटांपैकीं पुष्कळांच्या मालकांनीं तो दुसरा पाय उचललाच नाहीं.

विमा संपला तो नव्या शतकांत. १ जानेवारी २००५ रोजीं कापडाच्या जागतिक कोट्यांची पद्धति बंद झाली आणि हजारों बायका घरीं बसल्या. त्याच वर्षीं युरोपनें साखरेचा भाव टप्प्याटप्प्यानें शेकडा ३६ नें उतरविण्याचें ठरविलें, आणि २००९ सालीं लोमेची हमीहि संपली. कारखाने एकत्र झाले, बंद झाले. मजुरांना स्वेच्छानिवृत्ति व घरापुरता जमिनीचा तुकडा मिळाला. उसाच्या चिपाडावर वीज होऊं लागली. किनाऱ्याच्या मळ्यांत परदेशी धनिकांचे बंगले उठले. या काळाचें एक लहानसें चिन्ह आम्हांस फार बोलकें वाटतें, तें म्हणजे कंपन्यांचीं नांवें. ‘मों त्रेझोर मों देझेर’ म्हणजे ‘माझा ठेवा, माझें रान’, या जुन्या मळ्याच्या नांवाची कंपनी २००९ सालीं ‘ऑम्निकेन’ झाली. ‘आरेल फ्रेर’, म्हणजे ‘आरेल बंधु’, यांची ‘टेरा’ झाली. माणसाचें नांव गेलें, मळ्याचें नांव गेलें, आणि जगाच्या कोणत्याहि बाजारांत खपेल असा गुळगुळीत शब्द आला. ज्या दिवशीं बंधूंनीं पाटीवरून आपलें नांव उतरविलें, त्या दिवसाची कथा कोणी लिहिली आहे काय?

बेटावरच्या लेखकांकडे वळलें असतां उत्तर नकारार्थी येतें. अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ (१९७७) ही हिंदी कादंबरी करारबद्ध मजुरांच्या यातनांचें महाकाव्य आहे, आणि तिचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं; पण तींतला मालक हा मुख्यतः चाबूक आणि हुकूम आहे. गुलामगिरीसदृश जुन्या काळासाठीं तें एक वेळ क्षम्य. मजुराला मालक तसाच दिसत असणार. आनंदा देवी यांच्या ‘एव्ह द से देकोंब्र’ (२००६) या फ्रेंच कादंबरींत पोर्ट लुईच्या त्रूमारों नांवाच्या कल्पित वस्तींतलीं चार तरुण मुलें आळीपाळीनें बोलतात. आयांचा कारखाना बंद पडला आहे, त्या जणूं घरांतल्या घरांत विझून गेल्या आहेत, आणि मुलांचें काय होतें तें अंगावर कांटा आणणारें आहे. देवी यांची भाषा कधीं कधीं स्वतःच्याच तेजानें दिपते, तरी पुस्तक थोर आहे. पण कारखाना बंद पडतो तो वादळांत झाड पडावें तसा. कोणी बंद केला, कोठें नेला, हें मुलांना ठाऊक नाहीं, हें रास्त. लेखिकेलाहि तें जाणून घ्यावेसें वाटत नाहीं, हें आम्हांस खटकतें. ज्याला कर्ता नाहीं त्या दुःखाला आपण दैव म्हणतों, आणि दैवाविरुद्ध तक्रार करतां येत नाहीं. मालकाला पुस्तकाबाहेर ठेवण्यानें त्याची मुळींच निंदा होत नाहीं. त्याची सुटका होते.

अमल सिउतोहल यांची ‘मेड इन मॉरिशस’ (२०१२) या बाबतींत थोडी पुढें जाते. तिचा नायक लावाल हा चिनी दुकानदाराचा मुलगा. मालाची पोलादी पेटी, जिला आपण कंटेनर म्हणतों, तेंच त्याचें घर. मळ्यांतल्या चिनी दुकानदारानें उधारीच्या वहीवर मजुरांना हंगामापर्यंत जगविलें, हा बेटाच्या अर्थव्यवहाराचा कणा होता. आपल्याकडच्या खेड्यांतल्या वाण्याची वही ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना तें निराळें सांगावयास नको. पण सिउतोहल विनोदाच्या नादीं लागून त्या पेटीला लवकरच रूपक करून टाकतात, आणि व्यापार मागें पडतो.

येथें कोणी म्हणेल, मालकांची चरित्रें व कंपन्यांचीं स्मरणपुस्तकें थोडीं का निघतात? त्यांत त्यांनीं आपले निर्णय सांगितलेलेच असतात. सांगितलेले असतात खरे. पण सर्व निर्णय दूरदृष्टीचे, सर्व संकटें बाहेरून आलेलीं, आणि सर्व कामगार कुटुंबांतल्यासारखे! आम्हांस मालकाची आरती नको आहे. आम्हांस हवा आहे तो जेकोबस, ज्याच्याविषयीं वाचकाचें मत शेवटपर्यंत ठरत नाहीं. हें गाऱ्हाणें केवळ परक्या बेटाचें नव्हे. वरेरकरांच्या ‘धावत्या धोट्या’पासून (१९३३) जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) नाटकापर्यंत मुंबईच्या गिरण्यांनीं मराठी वाङ्मयाला पुष्कळ दिलें. परंतु १९८२ च्या संपानंतर गिरणीच्या यंत्रांपेक्षां तिच्याखालच्या जमिनीची किंमत अधिक आहे हें ज्या खोलींत प्रथम कोणाच्या ध्यानांत आलें, त्या खोलींत आमचा एकहि नाटककार डोकावलेला नाहीं. पोर्ट लुई आणि परळ यांत या बाबतींत फारसें अंतर नाहीं.

या सर्वांत मराठी भाषांतरकारानें प्रथम कोणतें पुस्तक हातीं घ्यावें असें विचारल्यास, आम्ही बार्लेन प्यामुतू यांची ‘बेनारेस’ (१९९९) सुचवूं. ती अगदीं लहान आहे. मॉरिशसच्या दक्षिणेस बेनारेस नांवाचें खेडें खरोखरच आहे. काशीचें नांव मिरविणाऱ्या या खेड्यांतला साखरकारखाना बंद पडला आणि गांव रितें झालें. तेथले तरुण रात्रीं गाडी करून पोर्ट लुईला जातात, दोन वेश्यांना बरोबर घेऊन परततात, आणि वाटेंत सारीं बोलत राहतात. कथानक म्हणून एवढेंच. मालक येथेंहि नाहींच. परंतु त्याच्या नसण्याची जाणीव या पुस्तकाला आहे, आणि तीच त्याला वरच्या पुस्तकांहून वेगळें करते. कारखान्याविषयीं बोलतांना निवेदकाचें वाक्य दर वेळीं किंचित् अडतें, आणि मग तो दुसरेंच कांहीं बोलूं लागतो. फ्रेंच साधें आहे, वाक्यें आंखूड आहेत. कोंकणी माणसाच्या तोंडीं शोभेल अशा मराठींत तें उतरविणें अवघड जाऊं नये.